जुनी लेन्स डिजिटल बॉडीवर "चालतच नाही"? चालते भाऊ, माउंट बघून लावली तर

गेले काही दिवस आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "रोलच्या जमान्यातल्या मॅन्युअल लेन्स डिजिटल बॉडीवर लावू नका, लांबचं फोकस होत नाही, मीटर चालत नाही, शार्पनेस नाही, हलत्या माणसाचा फोटो येणारच नाही, फंगस (काचेवरची बुरशी) बॉडीत शिरतं, पैसे पाण्यात." त्याच्यावर धडाधड अंगठे पडले आणि संध्याकाळी एका पोराचा मला फोन, "भाऊ, काकानी ५० एमएम कपाटमा पडेल शे, फेकी देऊ का?" म्हणून हे लिहितोय.

आधी लांबच्या फोकसचं, कारण सगळा घोळ इथेच आहे. माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ती जागा, प्रत्येक माउंटचं सेन्सरपासून एक ठरलेलं अंतर असतं. निकॉन एफ ४६.५ मिमी, एम ४२ म्हणजे ती आट्यांची जुनी लेन्स ४५.४६, कॅनन ईएफ ४४, जुनं कॅनन एफडी ४२. आता निकॉनची लेन्स कॅनन ईएफ बॉडीवर लावायची तर मध्ये अडीच मिमी जागा उरते, तिथे साधी रिंग बसते, इन्फिनिटी म्हणजे लांबचं फोकस व्यवस्थित मिळतं. पण एम ४२ लेन्स निकॉन डीएसएलआरवर लावली की ती एक मिमी पुढेच राहते, मग समोरचं माणूस फोकसमध्ये आणि मागचा सातपुडा धूसर, काच असलेला अडॅप्टर घेतला तर इन्फिनिटी मिळते पण क्वालिटी मार खाते. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक हीच जोडी लावून बघितली आणि सगळ्या जुन्या लेन्सना नावं ठेवली. मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या बॉडीवर, हा प्रश्नच नाही, सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, म्हणजे वर सांगितलेली कुठलीही लेन्स रिकाम्या नळीसारख्या अडॅप्टरने बसते, आत काच लागत नाही.

मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा, चालत नाही म्हणे. निकॉन डी ३४००, डी ५६०० वर खरंच चालत नाही, फोटो मॅन्युअल मोडवर अंदाजाने काढावा लागतो. डी ७२०० किंवा डी ७५० वर मेन्यूत लेन्सची फोकल लेंग्थ (ते ५० एमएम वगैरे) आणि सगळ्यात मोठं अपर्चर (पात्यांमधलं भोक, एफचा आकडा) भरा, मीटर चालतो. मिररलेसला तर अपर्चर प्रायॉरिटीवर ठेवायचं आणि लेन्सची रिंग फिरवायची, बास. फक्त मेन्यूत "लेन्सशिवाय शटर" चालू करा, कितीतरी लोकं तिथेच अडकतात आणि लेन्स खराब समजून परत करतात, फार वाईट वाटतं. एक धोका मात्र खरा आहे आणि तो मेसेजमध्ये नाहीच: १९७७ च्या आधीची, एआय (अपर्चर रिंग कुठे आहे ते बॉडीला कळवणारी सोय) न केलेली निकॉन लेन्स डी ७२०० सारख्या बॉडीवर जबरदस्तीने फिरवून लावू नका, माउंटजवळचा छोटा खटका तुटू शकतो.

शार्पनेसबद्दल. मागच्या थंडीत मळ्यात आजी पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजत होती, मी ५० एमएम एफ १.८ लावलेली. पूर्ण उघडी ठेवली तेव्हा जाळाभोवती दुधाळ झाक आली, कॉन्ट्रास्ट पडला, जुन्या कोटिंगचं हे होतं. एफ ४ केलं, स्क्रीनवर मोठं करून तिच्या पापणीवर फोकस आणला, रिंग केसभर मागेपुढे. फोटोत वांग्याच्या सालीला पडलेल्या चिरा आणि तिच्या बोटांना लागलेली राख मोजून घ्या. पीकिंगच्या रंगावर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवतात तो) मात्र उघड्या अपर्चरला विसंबू नका, ते फसवतं, मोठं करूनच बघा.

"हलत्या माणसाचा फोटो येणारच नाही." सारंगखेड्याच्या घोडेबाजारात २८ एमएम, एफ ८, फुलफ्रेम बॉडी, लेन्सवरच्या आकड्यांवर सव्वातीन मीटर लावून ठेवलं की साधारण दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं फोकसमध्ये, ऑटोफोकसची गरजच पडत नाही. हळदीला, वरातीत नाचणाऱ्यांमध्ये मी स्वतः ही लेन्स नेत नाही, पार्टीचे पैसे घेतलेत तर ऑटोफोकसच पाहिजे, एवढं त्या मेसेजचं बरोबर आहे. पण टेबलावरच्या वस्तू, पोर्ट्रेट, यांना कसली घाई? चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबलटॉप फोटोग्राफी बघा, लाइट आणि वस्तू मांडण्यातच सगळं कसब आहे.

फंगस उडी मारून सेन्सरवर जात नाही. त्याचे कण हवेत सगळीकडे असतात, वाढायला ओल लागते. फंगसवाली लेन्स बाकीच्यांसोबत बंद बॅगेत ठेवू नका, पावसाळ्यात सिलिका जेल टाका. आपल्याकडे त्याहून मोठा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत लेन्स राहिली की आतलं ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर येतं आणि पाती चिकटतात.

त्या पोराला हेच सांगितलं, फेकू नको. मोबाइलचा टॉर्च मागून मार, फंगसचं जाळं दिसतंय का बघ. मग रिंग एफ १६ वर ठेव आणि मागची छोटी दांडी बोटाने दाबून सोड. पाती टचकन मिटली तर लेन्स तुझी, आळसटून मिटली तर आधी साफ करून घे.