‘घाण आणि जागरणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध पात्रांभोवती रचलेल्या रहस्य कादंबऱ्या मला का आवडतात, यावरच्या माझ्या लेखाला ‘एक परखड वाचक’ या नावाने सविस्तर प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. ही आवड म्हणजे दुसऱ्याच्या आजारावर पोसलेला शौक आहे. अशा कादंबऱ्यांत पात्राला सगळं लेखकाच्या सोयीने विसरतं आणि सोयीने आठवतं. रिचर्ड ऑस्मन यांचं पुस्तक माझ्या यादीत बसत नाही. अगाथा ख्रिस्तींना स्मृतिभ्रंश झाला असावा, हे मी बेजबाबदारपणे लिहिलं. लेख फार लांबला. आणि मग हे वाक्य: “ज्याच्या घरात असा माणूस असतो त्याला त्यात रहस्य वगैरे दिसत नाही, फक्त घाण आणि जागरणं दिसतात.”

आधी एक सोपं काम उरकते. ऑस्मन यांच्याबाबतीत तुमचं बरोबर आहे. ‘द थर्सडे मर्डर क्लब’मध्ये एलिझाबेथच्या नवऱ्याचा, स्टीफनचा, स्मृतिभ्रंश फार हळुवारपणे आला आहे, पण मुख्य रहस्य त्याच्या विसरण्यावर उभं नाही. ते पुस्तक यादीतून काढलं आहे. मी हेकट नाही, एवढं यावरून कळावं.

आता सुराबद्दल. “लेखिकाबाई, जरा जमिनीवर या” अशी सुरुवात करून पुढे “प्रामाणिक मत मांडतोय, राग मानू नये” असं लिहायचं, ही पद्धत मला चांगली ओळखीची आहे. आधी टपली मारायची आणि मग समोरच्याने डोकं चोळलं की ‘किती हळवे आहात’ म्हणायचं. मतभेदाला माझी कधीच हरकत नसते. इथे वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या वाचकांना ते माहीत आहे. पण ज्या माणसाशी तुम्ही पहिल्यांदाच बोलताय तिच्या घरात काय झालं असेल, काय नसेल, हे न विचारता तिला जमिनीवर यायला सांगणं याला परखडपणा म्हणत नाहीत. दुसरं नाव तुम्हीच शोधा.

तर, माझ्या घरात असा माणूस होता. माझी आई.

मूळ लेखात हे मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. पुस्तकांबद्दल बोलताना स्वतःच्या घरातली दुखणी पुढे करायला मला आवडत नाही. पण आता तुम्ही विषय काढलाच आहे. घाण मी उपसली आहे. जागरणं केली आहेत. रात्री-अपरात्री आई कपडे घालून, पर्स घेऊन दाराशी उभी राहायची आणि “माझी आई वाट बघत असेल” म्हणायची, तेव्हा तिला परत पलंगापर्यंत आणायला काय काय बोलावं लागतं ते मला माहीत आहे. अंगठी चोरल्याचा आरोप माझ्यावर झाला, माझ्या बहिणीवर झाला, आणि अंगठी उशीच्या अभ्र्यात सापडल्यावर “तूच आता ठेवलीस” हेही ऐकून झालं. चोरीचा संशय हे या आजाराचं अगदी नेहमीचं लक्षण आहे, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडेही वेगळ्याच नजरेने बघायला लागलो होतो. तेव्हा जमिनीचं म्हणाल तर मी तिथे बराच काळ बसून आले आहे.

आणि तरीही सांगते, रहस्य दिसतं. रोज दिसतं.

मधल्या काळात आई संध्याकाळी एकच वाक्य म्हणायला लागली: “आत कोणीतरी ठोकतंय.” आम्ही दारं उघडून दाखवली, कपाटं उघडून दाखवली. भास होतायत, असं सगळ्यांचंच ठरलं. डॉक्टरांनीही झोपेची गोळी वाढवली. मला खटकलं ते इतकंच, की ती हे जेवल्यानंतर म्हणायची. मग मी ती जेवताना समोर बसून बघायला लागले. घास सतत उजव्या गालात. डावीकडे आला की जिभेने पुन्हा उजवीकडे. पाणी पिताना मान किंचित तिरकी. दंतवैद्यांकडे नेलं तर डाव्या बाजूच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. ठोकत होतं ते तिच्या जबड्यात. ‘ठणका’ हा शब्द तिच्याकडून निसटला होता, म्हणून हाताला लागेल त्या शब्दात ती सांगत होती, आणि आम्ही कपाटं उघडत होतो.

परखड वाचक, याला तुम्ही काय म्हणाल? मी तरी याला तपास म्हणते. बोलता येतं पण नेमकं सांगता येत नाही अशा माणसाचं दुखणं शोधणं हे घरोघरी चालणारं काम आहे. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचं दुखणं ओळखू न येणं, त्याची चिडचिड किंवा ओरडणं आजाराच्या खाती टाकून दिलं जाणं, हे वारंवार घडतं. आई जेवताना समोर बसून बघायचं मला सुचलं, कारण मी आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या आहेत. त्या वाचणाऱ्याला एक खोड लागते. निरर्थक वाटणारं वाक्य तो टाकून देत नाही, बाजूला ठेवतो.

माझ्या लेखाचा मुद्दा नेमका हाच होता. तुम्ही तो वाचला असता तर हे पुन्हा लिहायची वेळ आली नसती. ख्रिस्तींच्या ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज’ (१९६८) मध्ये वृद्धाश्रमातली एक बाई, हातात दुधाचा ग्लास, कादंबरीची नायिका टपेन्स हिला सहज विचारते की ते बिचारं मूल तुमचं होतं का, आणि शेकोटीमागे काहीतरी असल्याचं सुचवते. तिथे असलं बोलणं कुणी मनावर घेत नाही. टपेन्स घेते, आणि तिथून कादंबरी सुरू होते. एमा हीली यांच्या ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ (२०१४) मधली मॉड खिशात चिठ्ठ्या कोंबून हिंडते, मैत्रीण हरवलीय म्हणून पोलिसांकडे जाते आणि तिथे तिची थट्टा होते. तिचं सगळं बरोबर नसतं. पण सगळं चूकही नसतं. तिच्या आत १९४६ साली नाहीशी झालेली बहीण सुकी आहे, आणि वर्तमानातली काळजी त्या जुन्या काळजीच्या अंगावर जाऊन आदळते. तुम्हाला हवी असलेली जागरणंही त्यात आहेत. मॉडची मुलगी हेलन थकते, चिडते, आणि लेखिका तिला त्याबद्दल खलनायिका करत नाही. दुसरी एखादी गंभीर साहित्यकृती अशा बाईला करुणेचा विषय करते. रहस्य कादंबरी तिला साक्षीदार करते. मला दुसरं जास्त सन्मानाचं वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर न वाटो.

यात शास्त्राविरुद्धही काही नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या पेशंटना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात चित्रफितीतलं त्यांना फारसं काही आठवेना, पण ती उदासी किंवा तो आनंद रेंगाळत राहिला. म्हणजे घटना पुसली गेली तरी तिचा धसका उरू शकतो. मॉड याहून वेगळं काय करते?

‘शौक’ म्हणालात त्याबद्दल एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते. त्यांच्या घरची माणसं ही पुस्तकं वाचतच नसतील, असं तुम्ही कशावरून धरून चाललात? आई गेल्यावर मी ॲलिस लाप्लांट यांची ‘टर्न ऑफ माइंड’ वाचली. तिच्यातली स्मृतिभ्रंश झालेली निवृत्त शल्यविशारद जेनिफर व्हाइट स्वतःच गोष्ट सांगत असते, आणि मैत्रिणीचा खून आपण केला की नाही हे तिलाच माहीत नसतं. मला त्यात खुनी कोण याची फार उत्सुकता नव्हती. त्या बाईच्या डोक्यात आतून कसं दिसतं ते बघायचं होतं. घरी आम्हाला फक्त बाहेरून दिसत होतं.

उरलेल्या गोष्टी. सोयीने विसरणं, सोयीने आठवणं: कादंबरी आहे, सगळंच लेखकाच्या सोयीने होतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ख्रिस्तींबद्दल मी ‘निदान झालं होतं’ असं कुठेही लिहिलेलं नाही. टोरांटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००९ साली त्यांच्या कादंबऱ्यांतली शब्दसंपदा तपासली, म्हातारपणी लिहिलेल्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’मध्ये ती लक्षणीय घटलेली दिसली आणि त्यावरून त्यांनी स्मृतिभ्रंशाची शक्यता मांडली. ‘शक्यता’ हाच शब्द मी वापरला होता. पुन्हा वाचून बघा, चष्मा लावून.

प्रतिक्रियेचा शेवटचा परिच्छेद मात्र मी झाकला आहे, कारण तो मला उद्देशून नव्हता. आदल्या दिवशी स्वतःच्या वडिलांबद्दल लिहिणाऱ्या एका वाचकावर तो होता. माझ्याशी हवं तसं बोला, त्यांच्याशी नाही.

लांबीबद्दल: पुढचा लेख लाप्लांट यांच्या कादंबरीवर आहे आणि तो याहून लांब होणार आहे. वाचायची सक्ती नाही.