विच्छेदन बंद झालं म्हणून झूलॉजीची एमएस्सी पोकळ झाली?

बीएस्सीचे निकाल लागले की एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : प्राण्यांचं विच्छेदन बंद झाल्यापासून झूलॉजीच्या (प्राणिशास्त्राच्या) एमएस्सीत हाताला काम उरलेलं नाही, प्राण्यांवर संशोधन करायला परवानगी मिळत नाही, नेट या पात्रता परीक्षेला हा विषयच नाही, संशोधन करायचं तर बायोटेक घ्या. प्रत्येक मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी विच्छेदन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर प्रात्यक्षिकांतलं विच्छेदन थांबवलं, हे खरं. हातकाम मात्र थांबलेलं नाही. कोंबडीच्या भ्रूणाचं प्रात्यक्षिक घ्या. अंडी हॅचरीतून आणावी लागतात. दुकानातली बहुधा फलित नसतात. ती ३७.५ ते ३८ अंश सेल्सिअसला, दमट हवेत उबवायची. ३३ तासांनंतर सोमाइटच्या (भ्रूणाच्या पाठीच्या मध्यरेषेलगत दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या ऊतीच्या ठोकळ्यांच्या) साधारण १० जोड्या दिसायला हव्यात. पुष्कळदा पाच-सहाच दिसतात आणि जर्नलात तरीही ‘३३ तासांचा भ्रूण’ असंच लिहिलं जातं. अंडं थंड असेल तर ते तापायलाच काही तास जातात; आठवड्याहून जुनं असेल तर वाढ मागे पडते किंवा भ्रूण मरतो. म्हणून अवस्था घड्याळावरून नाही, सोमाइट मोजून हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या कोंबडीच्या भ्रूणावस्थांच्या १९५१ च्या तक्त्यावरून ठरवायची. भ्रूण उचलताना त्याच्याभोवती फिल्टर पेपरची रिंग ठेवायची आणि रिंगच्या बाहेरून बलकावरचा पडदा कापायचा. वरचा घट्ट पांढरा भाग आधी नीट काढला नाही, तर रिंग पडद्याला धरतच नाही आणि भ्रूण घसरून बलकात जातो. हे पाठ करून जमत नाही.

डीएनए बारकोडिंगचंही, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याचंही तसंच. विभागाच्या संग्रहातला फॉर्मेलिनमधला नमुना घेऊन पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) लावायचा आणि जेलवर त्या तुकड्याची पट्टी (बँड) आली नाही की प्रायमरला, म्हणजे ही नक्कल सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला, दोष द्यायचा, हे सर्रास होतं. फॉर्मेलिन डीएनएचे तुकडे करतं आणि प्रथिनांशी त्याचे बंध जोडतं. तिथे प्रायमर काय करणार? ऊती ताजी असतानाच ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकायची, ऊतीच्या निदान दहापट द्रव ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो बदलायचा, कारण ऊतीतल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं. बारकोडसाठी वापरतात त्या मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा हाती आला तरी काम संपत नाही. त्याचं प्रथिनाच्या क्रमात भाषांतर योग्य मायटोकाँड्रियल कोडने करून पाहायचं. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणाऱ्या खुणा) आले, तर ती त्या जनुकाची केंद्रकात शिरलेली नक्कल असू शकते. ती तपासणी न करता प्रजातीचं नाव जाहीर करू नये.

परवानग्यांचा मुद्दा निम्मा खरा आहे. उंदीर, ससे अशा पृष्ठवंशी प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतला प्राणी पकडायचा किंवा अभयारण्यात अभ्यास करायचा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. अडतं ते चौथ्या सत्रात अर्ज केल्यामुळे. महाराष्ट्रात दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ आहेत. विषय दुसऱ्या सत्रातच ठरवला तर कागदपत्रांना वेळ मिळतो. गांडुळं, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी किंवा तळ्यातले प्राणिप्लवक निवडले, तर नैतिकता समितीकडे सहसा जावंच लागत नाही. फुलपाखरं घेणार असाल तर आधी अनुसूची तपासा. त्यांतल्या काही जाती संरक्षित आहेत.

आता नेट. सीएसआयआर-नेटला ‘झूलॉजी’ नावाचा पेपर नाही, ‘लाइफ सायन्सेस’ आहे. पण बायोटेकवाल्यांनाही तोच पेपर! मग बायोटेक घेऊन मिळवलं काय? उलट भ्रूणविज्ञान, प्राणी शरीरक्रिया, परिसंस्था, उत्क्रांती आणि प्राणिवर्तन हे घटक झूलॉजीवाल्यांच्या हातातले असतात. वनस्पती शरीरक्रिया आणि रेणवीय तंत्रं मात्र वेगळी बसून करावी लागतात. ‘क’ भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे अंदाजाने भरण्यापेक्षा आपले घटक पक्के करणं इथे जास्त कामी येतं. शिवाय गेट परीक्षेच्या एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपरमध्ये झूलॉजी हा निवडता येणारा स्वतंत्र विभाग आहेच.

नोकरीबद्दलची काळजी मात्र आम्ही खोडणार नाही. अनुदानित महाविद्यालयांत कायम जागा फार कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर घर चालत नाही. पण बायोटेकचा प्राध्यापकही त्याच रांगेत उभा आहे. संशोधनाकडे वळायचं तर जेआरएफला (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीला) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच, तर मत्स्यशिक्षण संस्था मुंबईत वर्सोव्याला आहे. पुदुच्चेरीच्या कीटकवाहित रोग संशोधन केंद्रात डासांवर काम करणारी माणसं लागतात. प्राणी ओळखता येणं ही तिथली पहिली गरज आहे. तेव्हा प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा : गेल्या वर्षी प्रकल्पाचे विषय कोणते होते, इनक्युबेटर आणि पीसीआर यंत्र चालू आहे का, आणि नमुने कोण गोळा करतं, विद्यार्थी की पुरवठादार?