डेकोरेशन डे हेच नाव बरं होतं

आज इथे अमेरिकेत मेमोरियल डे. सकाळपासून फोनवर 'हॅपी मेमोरियल डे' येतंय, त्यातले दोन मेसेज आपल्याच मंडळाच्या ग्रुपवर. खाली गाद्यांच्या सेलची जाहिरात. मग कोणीतरी चिडून लिहिणार, की अरे, युद्धात मेलेल्यांचा दिवस हा, हॅपी कसला? बरोबरच आहे त्यांचं. (हयात असलेल्या माजी सैनिकांचे आभार मानायला 11 नोव्हेंबर आहे, तेही आजच उरकून घेतात लोक.) पण दरवर्षी चिडून काही फरक पडत नाही, कारण दुखणं दुसरीकडे आहे असं मला वाटतं.

मुळात या दिवसाचं नाव होतं डेकोरेशन डे. उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं गेलेली. 1868 साली जनरल जॉन लोगन यांनी माजी सैनिकांच्या संघटनेला आदेश काढला: 30 मे रोजी सोबत्यांच्या थडग्यांवर फुलं वाहा. त्याच्याही आधी, 1865 च्या वसंतात, दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी रेसकोर्सवरच्या कैदी छावणीत मेलेल्या उत्तरेच्या अडीचशेहून जास्त सैनिकांना खड्ड्यांतून काढून नीट पुरलं, भोवती कुंपण घातलं आणि 1 मे ला तिथे मिरवणुकीने फुलं नेली. आधी कुदळ, मग फुलं, भाषणं त्यानंतर. 'डेकोरेशन' म्हटलं की काय करायचं ते कळतं. 'मेमोरियल' म्हटलं की नुसतं गंभीर व्हायचं.

1968 च्या कायद्याने 1971 पासून हा दिवस मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आला. सेनेटर डॅनियल इनोये यांनी 30 मे परत आणावी म्हणून पुन्हा पुन्हा विधेयक मांडलं. त्यांचा स्वतःचा उजवा हात दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेलेला. विधेयक काही मंजूर झालं नाही. मी बरीच वर्षं त्यांच्या बाजूचा होतो. श्राद्धाची तिथी कोणी लाँग वीकेंड बघून ठरवतं का! पण मग आपल्याकडे सर्वपित्रीही आहेच की. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी एक दिवस. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत एकाच दगडाखाली 2,111 अनोळखी सैनिकांचे अवशेष आहेत, त्यांची कुठली तिथी काढणार?

तेव्हा तारखेचा हट्ट मी सोडला. आमच्या घरी आजोबांच्या श्राद्धाला 'त्यांची आठवण काढा' असं आजी कधी म्हणाली नाही. वडे तळ, पानं पूस, गच्चीवर ठेवून ये. कावळा शिवेपर्यंत कोणी जेवायचं नाही. कावळा यायचा नाही, पोटात आग पडायची आणि मग काका म्हणायचे, "अहो, अण्णांना जेवणानंतर चहा लागायचा, तो ठेवा आधी!" तिथून अण्णांच्या गोष्टी सुरू. मी त्यांना पाहिलेलंही नाही, पण त्यांचा चहा मला माहीत आहे.

इथे सन 2000 मध्ये काँग्रेसने कायदा केला, की दुपारी तीन वाजता सगळ्यांनी एक मिनिट थांबावं. फारसं कोणाला माहीतही नसतं. गेल्या वर्षी आमच्या बार्बेक्यूत मीच गजर लावला. सगळे चिमटे हातात धरून, एकमेकांकडे न बघता उभे राहिले. मग कोणीतरी हळूच विचारलं, "झालं का?" त्यांची काही चूक नाही. मलाही त्या मिनिटात कणसं करपतील याचीच काळजी होती.

आर्लिंग्टनला 'फ्लॅग्ज इन' असतं. वीकेंडच्या आधी सैनिक अडीच लाखांहून जास्त दगडांपुढे एकेक छोटा झेंडा रोवतात, दगडापासून बरोबर एका बुटाच्या अंतरावर. मोजपट्टी नाही, बूट टेकवायचा आणि त्याच्या टोकाशी रोवायचा.

परवा लेकीच्या स्काउट तुकडीला आमच्या जवळच्या सैनिकी दफनभूमीत हेच काम होतं, मी सोबत गेलो. हातात जुडगा आला तसं तिचं बोलणं थांबलं. प्रत्येक दगडावरचं नाव मोठ्याने वाचायचं, मग बूट, मग झेंडा. एका दगडापाशी ती बोटांवर काहीतरी मोजत बसली आणि म्हणाली, "बाबा, हा एकोणीसचा होता. दादाएवढा." मी हो म्हटलं. जुडगा संपल्यावर ती स्वतःच आणखी आणायला गेली.

निघताना मागे वळून पाहिलं तर तिची ओळ लगेच ओळखू येत होती. तिचा बूट लहान, त्यामुळे तिचे झेंडे बाकीच्यांपेक्षा दगडाला चांगले चार बोटं जवळ. तुकडीच्या बाईंनीही पाहिलं, पण ते कोणी हलवले नाहीत.