उकळलं म्हणजे निर्जंतुक झालं का? पाच 'खात्रीच्या' उपायांचा प्रतिवाद

'कोणतीही वस्तू शंभर टक्के निर्जंतुक करण्याचे पाच खात्रीचे उपाय' अशा मथळ्याचा एक संदेश सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. दहा मिनिटं पाण्यात उकळलं की एकही जंतू जिवंत राहत नाही. रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की उरलेसुरलेही मरतात. अल्कोहोल जितकं शुद्ध तितकं जहाल, म्हणून ७० टक्क्यांऐवजी ९९ टक्क्यांचं घ्यावं. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं की त्याची ताकद दुप्पट होते. आणि बाटलीवर '९९.९ टक्के जंतू मारते' असं छापलेलं असेल, तर ते द्रावण शस्त्रक्रियेच्या हत्यारांनाही चालतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा संदेश मला माझ्याच विद्यार्थ्यांकडून आला, म्हणून जास्त लागला. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण या पाचांपैकी एकही विधान जसंच्या तसं खरं नाही आणि एक तर जिवावर बेतणारं आहे. क्रम मोडून आधी तेच घेते.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. ते टिकावं म्हणून मुद्दाम आम्लारिधर्मी (अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं) ठेवलेलं असतं. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात थोडासा सुटला तरी डोळे, घसा आणि फुप्फुसं भाजतात. दाव्यामागे एक अर्धसत्य आहे, तेही सांगते. द्रावणाची आम्लारिता थोडी उतरवली की त्यात हायपोक्लोरस आम्लाचं प्रमाण वाढतं आणि जंतू मारण्याचं खरं काम तेच करतं. पण ही पातळी जलशुद्धीकरण केंद्रात मोजून सांभाळतात. बादलीत अंदाजाने ओतलेलं व्हिनेगर त्या पातळीवर थांबेल याची कोणतीही हमी नाही. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही ब्लीचची गाठ घालू नये, त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. चुकून मिसळलंच गेलं, तर ढवळत किंवा पाणी ओतत बसू नका. ताबडतोब मोकळ्या हवेत या.

ब्लीचची ताकद वाढवायची असेल, तर आधी मळ काढा. रक्त, माती, चिकटपणा यांच्याशी झुंजण्यातच क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतूंपर्यंत पोचेतो काही उरत नाही. पातळ केलेलं द्रावण रोज ताजं करा आणि लावल्यावर लगेच पुसू नका.

आता उकळण्याविषयी. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ही समजूत सर्वात जुनी आहे आणि एकेकाळी शास्त्रज्ञांचीही हीच समजूत होती. एकोणिसाव्या शतकात गवताचा काढा उकळून बंद करून ठेवला, तरी कधीकधी काही दिवसांत तो गढूळ व्हायचा. जीव आपोआप जन्माला येतात असं मानणाऱ्यांना हा पुरावाच वाटे. १८७६ च्या सुमारास फर्डिनांड कोन यांनी गवतावरच्या बॅसिलसमध्ये आणि रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सच्या जीवाणूत बीजाणू दाखवले. पेशीने अडचणीच्या काळासाठी स्वतःच्या पोटात बांधलेली ही जणू तिजोरी असते: आत पाणी अगदी कमी, बाहेर एकावर एक कवचं आणि चयापचय जवळजवळ थांबलेला. असे काही बीजाणू १०० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तग धरतात.

जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये यावर काढलेली तोड मला आजही वर्गात सांगायला आवडते. एकदाच खूप वेळ उकळण्याऐवजी त्यांनी काढा थोडा वेळ तापवला, तसाच ठेवला आणि पुन्हा तापवला. मधल्या वेळात बीजाणू रुजतात, त्यांची साधी पेशी होते आणि साधी पेशी उष्णतेने मरते. युक्ती चालली, पण बीजाणू रुजायला पोषण लागतं. नुसत्या पाण्यात किंवा कोरड्या हत्यारावर ते रुजतीलच असं नाही. १८७९ मध्ये चार्ल्स शांबरलाँ यांचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं बंद भांडं, आला आणि प्रश्न सुटला. उघड्या भांड्यातलं पाणी, खालची आच कितीही वाढवली तरी, १०० अंशांच्या वर जात नाही, जास्तीची उष्णता वाफेबरोबर निघून जाते. उंच डोंगरावर तर तेवढीही गाठत नाही, ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. दाब वाढवला तर वाफ १२१ अंशांना पोचते. अशा वाफेत १५ मिनिटं ठेवण्याचा नियम आजही प्रयोगशाळेत पाळतात, मात्र आतली हवा आधी पूर्ण निघून जायला हवी. हवेचा कप्पा राहिला तर काटा बरोबर दिसतो आणि आतलं सामान कच्चं राहतं.

म्हणून उकळणं व्यर्थ आहे का? मुळीच नाही. पिण्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट (२,००० मीटरच्या वर तीन मिनिटं) उकळलं, तर पटकी आणि विषमज्वराचे जीवाणू, काविळीचे विषाणू, जिआर्डियासारखे आदिजीव मरतात. ते पाणी पिण्यासाठी सुरक्षित आहे, पण निर्जंतुक नाही. हा शब्दांचा खेळ नाही. धनुर्वाताचा बीजाणू पोटात गेला तर बहुधा काहीच बिघडत नाही. तोच खोल जखमेत गेला, तिथे ऑक्सिजन नसला आणि लस घेतलेली नसली, तर माणूस दगावू शकतो. उकळलेलं पाणी प्या, पण उकळलेल्या सुईवर भरवसा ठेवू नका.

फ्रीझरचा दावा चटकन संपतो. जीवाणू वर्षानुवर्षं जिवंत ठेवायचे असतील, तर आम्ही ते ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांना किंवा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. थंडी वाढ थांबवते. काही पेशी बर्फाच्या स्फटिकांनी फुटतात हे खरं, पण उरलेल्या वितळल्याबरोबर कामाला लागतात. साध्या फ्रिजच्या ४ अंशांत तर लिस्टेरियाची वाढही चालूच असते.

अल्कोहोलच्या बाबतीत तर्क उलटा पडतो. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं विस्कटून त्यांना मारतं आणि त्या कामाला पाणी लागतं. जवळजवळ शुद्ध अल्कोहोलमध्ये पाणीच नसल्यामुळे ही क्रिया नीट होत नाही, शिवाय ते काम पुरं व्हायच्या आत उडूनही जातं. म्हणून ६० ते ९० टक्क्यांचा पट्टा परिणामकारक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं ते याचमुळे. बीजाणूंवर मात्र कोणत्याही टक्केवारीचं अल्कोहोल चालत नाही, नोरोव्हायरससारख्या बाह्य आवरण नसलेल्या विषाणूंवरही ते कमी पडतं. तिथे साबण आणि वाहतं पाणी बरं, कारण ते जंतूंना मारण्याऐवजी हातावरून वाहून नेतं.

राहिले ते ९९.९ टक्के. आकडा ऐकायला पूर्ण वाटतो, म्हणून मोजून पाहू. पृष्ठभागावर १० लाख जीवाणू असतील, तर ९९.९ टक्के मेल्यावर १,००० उरतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट झाला, म्हणजे तीन तास वीस मिनिटांत, पुन्हा १० लाखांच्या वर. शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठीची कसोटी फार वेगळी असते: दहा लाख वस्तूंपैकी एखादीवरच एखादा जीव उरण्याची शक्यता असावी, इतकी. शरीराच्या आतल्या निर्जंतुक भागात शिरणारं हत्यार पूर्ण निर्जंतुकच लागतं, नुसत्या धड कातडीला टेकणाऱ्या वस्तूला साधं जंतुनाशक पुरतं. अर्ल स्पॉल्डिंग यांनी केलेली ही वर्गवारी रुग्णालयं आजही वापरतात.

शिवाय तो आकडा ठरावीक जंतूंवर, ठरावीक वेळ द्रावण ओलं ठेवून मिळालेला असतो. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत हा वेळ लिहिलेला असतो, कधी एक मिनिट, कधी दहा. फवारलं आणि लगेच फडक्याने पुसलं, तर तो आकडा तुमच्या टेबलाला लागूच होत नाही.

जंतुनाशकाच्या बाटलीत काही जगूच शकत नाही, असंही संदेशात गृहीत धरलं आहे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात, बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक घालून टिकवलेल्या क्षारांच्या द्रावणात स्यूडोमोनास सेपेशिया (आताचं नाव बर्खोल्डेरिया) हा जीवाणू १४ वर्षांनंतरही जिवंत सापडला होता. म्हणून अर्धी संपलेली बाटली वरून भरत राहू नका. ती पूर्ण संपवा, धुवा, वाळवा आणि मगच नवीन द्रावण भरा.