जीपीए २.७ आहे, ओटीला मिळेल का?

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आजार किंवा दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. तिच्या अमेरिकेतल्या प्रोग्रामना एकत्र अर्ज करायचं ओटीकॅसचं पोर्टल दर जुलैत उघडलं की माझ्याकडे मेसेज यायला लागतात. मुलं स्वतः क्वचित विचारतात, विचारतात त्यांच्या आया. "अगं, हिचा जीपीए २.७ आहे, ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला मिळेल का?" आणि पाठोपाठ, "तशी प्री-मेड होती ती." प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जायच्या तयारीने बॅचलर्स करणारी. मला ही दुसरी ओळ पहिलीपेक्षा जास्त खटकते. तिच्याकडे येतेच, पण आधी हिशोब.

अमेरिकेतली बॅचलर्स साधारण १२० क्रेडिट्सची. जीपीए म्हणजे दर क्रेडिटमागे मिळालेल्या पॉइंटांची सरासरी, ए ला ४ पॉइंट. २.७ म्हणजे ३२४ पॉइंट जमा. समजा मुलीने जिद्दीने आणखी चार विषय घेतले, १६ क्रेडिट्स, आणि चारही विषयांत ए मिळवला. ६४ पॉइंट वाढले. ३८८ भागिले १३६, उत्तर २.८५. वर्षभर घासून एवढंच, आणि बरेच प्रोग्राम किमान ३.० मागतात. त्यात ओटीकॅस कॉलेजने छापलेला जीपीए जसाच्या तसा उचलत नाही, स्वतः मोजतं. विषय दोनदा घेतला असेल तर दोन्ही ग्रेड धरतं. कॉलेजने उदार होऊन जुना डी पुसला असला, तरी इथे तो हजर. अकरावीत असताना कम्युनिटी कॉलेजमध्ये हौसेने घेतलेला क्लाससुद्धा त्यात येतो. तो कुणाच्या लक्षातच नसतो!

म्हणून माझं स्पष्ट मत: एकूण जीपीए वर ओढायचा नाद सोडा. त्यासाठी कुठल्याशा हेल्थ सायन्सच्या आणखी एका मास्टर्सला पैसे घालणं तर मला मुळीच पटत नाही. वेळ घालवायचा तो प्रीरिक्विझिट्सवर, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायच्या विषयांवर. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी एक आणि दोन, स्टॅटिस्टिक्स, अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, एखादा सोशिऑलॉजीचा विषय. यादी जवळपास सगळीकडे हीच. बरेच प्रोग्राम या विषयांचा जीपीए वेगळा काढून बघतात, काही शेवटच्या ६० क्रेडिट्सचा बघतात. एकूण आकडा २.८५ वर अडकलेला असताना हे दोन आकडे ३.६ असू शकतात. अर्ज कुठे करायचा ते या आकड्यांवरून ठरवा, कॉलेजच्या नावावरून नको. आणि ज्यांच्या पानावर "३.०च्या खाली अर्ज बघत नाही" असं स्वच्छ लिहिलंय, तिथे फी भरून नशीब आजमावू नका. संगणकच तो अर्ज बाजूला काढतो, निबंध वाचायला कुणी बसत नाही.

अ‍ॅनाटॉमीत सी असेल तर ती आधी पुन्हा करा, लॅबसकट. हा आग्रह मला अन्यायाचा वाटत नाही. प्रोग्राममध्ये शिरल्याशिरल्या ग्रॉस अ‍ॅनाटॉमी आणि न्यूरोसायन्स अंगावर येतात, आणि तिथे ग्रेड घसरले तर आधी प्रोबेशन, मग घरी. अर्धं कर्ज डोक्यावर घेऊन घरी येण्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजमध्ये एक सेमिस्टर घालवणं कितीतरी स्वस्त. माझ्याकडे फिल्डवर्कला, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटांबरोबरच्या प्रशिक्षणाला, विद्यार्थी येतात. स्ट्रोकच्या पेशंटला शर्ट घालायला शिकवताना अधू हात आधी बाहीत जातो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तोच हात खांद्यातून ओढायचा का नाही, हे ज्याला खांदा कळलाय त्यालाच उमगतं. मार्क कमी म्हणजे माणुसकी जास्त, असा एक गोड समज आपल्याकडे आहे. तसं काही नसतं. दोन्ही लागतं.

निबंधांबद्दल थोडं. मला तपासायला आलेल्या निबंधांत आजीचा स्ट्रोक इतक्या वेळा वाचलाय की ती एकच आजी असावी अशी शंका येते. आजीबद्दल जरूर लिहा, पण ओटीने तिच्यासाठी नेमकं काय केलं ते लिहा. ऑब्झर्वेशनच्या, म्हणजे ओटीचं काम जवळून बघायच्या, तासांत काय पाहिलं ते लिहा. कमी जीपीएबद्दल दोन वाक्यं पुरेत: दुसऱ्या वर्षी घरी काय झालं, आणि त्यानंतरचे ग्रेड बघा. रडगाणं नको, आणि लपवणं तर नकोच, ट्रान्सक्रिप्ट त्यांच्या समोरच असतं.

आता ती "प्री-मेड होती". महाराष्ट्रात नीटचा निकाल लागला की एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओ आणि मग कुठेतरी खाली बीओटीएच (ओटीची बॅचलर्स) अशी उतरंड लागते. तीच उतरंड आपण विमानात बसवून न्यू जर्सीला आणली. मी स्वतः मुंबईत बीओटीएच केलं, त्यामुळे "मेडिकल हुकलं का?" या प्रश्नाची मला सवय आहे. ज्या शहरात अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकरांनी १९५० साली केईएममध्ये ओटीचं शिक्षण सुरू केलं, त्या शहरातली ही गोष्ट. मुलाखत घेणाऱ्यांना हुकलेलं मेडिकल लांबूनच दिसतं. "मला लोकांना मदत करायची आहे" हे नर्सही म्हणते, पोलीसही म्हणतो. ओटीच का, याला मुलीजवळ स्वतःचं उत्तर नसेल तर ३.९ असूनही फायदा नाही. आणि उत्तर तिचं हवं, आईचं नव्हे. (आयांनो, रागावू नका.)

पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण बोलायलाच हवं. माझ्या पाहण्यात कमी जीपीएला दार उघडणारे प्रोग्राम बहुतेक खासगी आणि महाग असतात. काही ठिकाणी ओटीडीचा, म्हणजे ओटीतल्या डॉक्टरेटचा, एकूण खर्च एक लाख डॉलरच्या वर जातो. त्यात २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे सरकारी शैक्षणिक कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होतंय. ओटीडी हवीच असंही नाही. एंट्री लेव्हलला डॉक्टरेट सक्तीची करायची टूम मध्यंतरी निघाली होती, २०१९ मध्ये ती बारगळली. मास्टर्सवाल्याला आणि ओटीडीवाल्याला लायसन्सआधीची एनबीसीओटीची परीक्षा एकच, लायसन्सही एकच. प्रवेश सहज देणाऱ्या ठिकाणी सही करण्याआधी त्यांच्या साइटवर जाऊन दोन गोष्टी बघा: किती मुलं वेळेत पदवीधर होतात, आणि एनबीसीओटी किती पास होतात. हे आकडे जाहीर करणं मान्यताप्राप्त प्रोग्रामना बंधनकारक आहे. ते सापडायला कठीण जात असतील तर तेही उत्तरच समजा.

एवढं करूनही जमलं नाही, तर ओटी असिस्टंटचा रस्ता आहे. साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री, त्यात १६ आठवडे पूर्णवेळ फिल्डवर्क, मग परीक्षा आणि नोकरी. पुढे काम करता करता ब्रिज प्रोग्रामने ओटी होता येतं. हे सुचवलं की पलीकडून हमखास येतं, "असिस्टंट? बॅचलर्स करून?" माझ्या युनिटमधल्या सर्वांत तयार माणसांत दोन असिस्टंट आहेत, आणि नवखे ओटी अडले की त्यांच्याकडेच जातात. मराठी मंडळाच्या गणपतीत मुलीची ओळख काय करून द्यायची, एवढ्या एका कारणासाठी हा रस्ता बंद करू नका.

निबंध तपासायला यंदा मला वेळ नाही. पण कुणाच्या मुलीला किंवा मुलाला ऑब्झर्वेशनसाठी जागा शोधायची असेल, तर त्यांनी स्वतः मेसेज करावा. त्यांच्या आईने नाही.