रोमवर चालून जाणारा सीझर 'पहिला'? मग सुल्ला कोण होता?

सध्या एक पोस्ट जोरात फिरतेय, की इ.स.पू. 49 मध्ये ज्युलियस सीझर इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी सैन्यासह ओलांडून रोमवर चालून गेला, असं करणारा तो पहिला रोमन सेनापती, अख्खी सिनेट (रोमच्या उमरावांची सभा) त्याच्या विरोधात, त्याचा प्रतिस्पर्धी सेनापती पाँपी बिचारा प्रजासत्ताक वाचवायला उभा राहिला, आणि शेवटी सीझर पहिला सम्राट झाला. यातली नदी आणि साल बरोबर आहे, बाकी सगळी गडबड.

'पहिला' तर सरळसरळ चूक. 39 वर्षं आधी, इ.स.पू. 88 मध्ये, सुल्ला नावाच्या रोमन सेनापतीने हेच केलेलं. भानगड अशी की पाँटसचा (आजच्या तुर्कस्तानातलं एक राज्य) राजा मिथ्रिडेटिस याच्याविरुद्धची मोहीम सुल्लाला मिळालेली, ती सुल्पिसियस नावाच्या ट्रिब्यूनने (सामान्य लोकांनी निवडलेला अधिकारी) काढून म्हाताऱ्या सेनापती मारियसला दिली. दक्षिण इटलीतल्या नोला शहराजवळच्या सुल्लाच्या सैन्याला वाटलं आता मारियस दुसऱ्यांनाच नेणार, आपली लूट गेली, मग ताबा घ्यायला आलेल्या मारियसच्या माणसांना त्यांनी दगडांनी ठेचलं आणि निघाले रोमला. एक क्वेस्टर (खजिना सांभाळणारा अधिकारी) सोडला तर वरिष्ठ अधिकारी सगळे सुल्लाला सोडून गेले, साधे सैनिक नाही गेले, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. नोकरी संपल्यावर जमीन हवी तर ती सेनापतीच मिळवून देणार, सिनेट नाही, मग निष्ठा कुणाशी राहणार सांगा! पुढच्याच वर्षी मारियस आणि त्याचा साथीदार सिन्नाने रोम घेतलं, इ.स.पू. 82 मध्ये रोमच्या वेशीवरची कॉलाइन गेटची लढाई जिंकून सुल्लाने परत घेतलं, मग चौकात सुल्लाच्या शत्रूंच्या याद्या लागल्या, यादीत नाव आलं की माणूस मारा, बक्षीस न्या.

आता पाँपी. सुल्लाच्या याच युद्धात एक 23 वर्षांचा पोरगा, कुठलंही सरकारी पद नसताना, स्वतःच्या जोरावर तीन लीजन (हजारो सैनिकांच्या पलटणी) उभ्या करून सुल्लाला येऊन मिळाला, तोच हा प्रजासत्ताकाचा रक्षक. पुढे एका म्हाताऱ्याने भर कोर्टात त्याला पोरसवदा खाटीक म्हटलं होतं. इ.स.पू. 52 मध्ये तर दोघांसाठी असलेल्या कॉन्सुल या रोमच्या सर्वोच्च पदावर हा काही महिने एकटाच बसला.

सम्राटाचं काय बोलायचं, सीझर डिक्टेटर (सर्वाधिकारी) होता, इ.स.पू. 44 मध्ये तहहयात झाला आणि त्याच मार्चमध्ये मारला गेला. पहिला सम्राट त्याचा दत्तक मुलगा ऑगस्टस, तेही इ.स.पू. 27 मध्ये.

राहिली 'अख्खी सिनेट'. इ.स.पू. 50 च्या शेवटी क्युरिओ नावाच्या ट्रिब्यूनने ठराव मांडला, सीझर आणि पाँपी दोघांनीही सैन्य सोडावं. बाजूने 370, विरोधात 22. म्हणजे बहुतेकांना युद्धच नको होतं! पण कॉन्सुल मार्सेलसने बैठक गुंडाळली, आणि सिनेटचा ठराव वगैरे काही नसताना स्वतः जाऊन पाँपीच्या हातात तलवार दिली, सीझरविरुद्ध सैन्य गोळा कर म्हणून.