गव्हाणी घुबडाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

ऐरोलीतील सोसायट्यांत सध्या असा संदेश फिरत आहे की, डक्टमध्ये बसणारे पांढऱ्या तोंडाचे घुबड अपशकुनी असून ते लहान मुलांवर झडप घालते. हे साफ चुकीचे आहे. ते गव्हाणी घुबड असून उंदीर आणि चिचुंद्र्या हेच त्याचे मुख्य खाद्य आहे. भक्ष्य सहसा अख्खे गिळून न पचलेली हाडे व केस ते काळसर गोळीच्या रूपात ओकून टाकते, आणि अशी गोळी फोडली तर आत उंदराची इवलीशी कवटीही सापडते. रात्री घरट्यातून ऐकू येणारा फुसफुसाट सापाचा नव्हे, भुकेल्या पिल्लांचा असतो. ती साधारण दोन महिन्यांत उडू लागतात; तोवर घरट्याला कृपया हात लावू नये, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्याला संरक्षण आहे.